ढेकर कोरडा की आंबट?

गावातल्या मेडिकलसमोर संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहिलं की अख्ख्या गावाच्या पोटाची खबर मिळते. कोणी पाण्यात फसफसणारी पुडी मागतं, कोणी "थे सकाळी खाली पोटी घ्याची गोळी" मागतं, कोणी नुसतंच छातीवर हात चोळून दाखवतं आणि दुकानदार काही न विचारता बाटली काढून देतो. लग्नसराईत ही गिऱ्हाइकी वाढते हे ओघानंच आलं. पण दुकानदाराचं म्हणणं असं, की खरी गर्दी दिवाळी झाल्यावर, कापूस वेचणीच्या दिवसांत असते. तेव्हा तर गावात ना पंगती, ना पुरणपोळ्या. घरोघरी तीच भाकर, तेच वरण, तोच चून, म्हणजे पिठलं. मग पोटं बिघडतात कशानं?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी फळ्यावर पचनसंस्था काढते. अन्ननलिका, जठर, यकृत, लहान आतडं, मोठं आतडं. प्रत्येकाला बाण आणि बाणापुढे नाव. त्या चित्रातल्या माणसाला सगळं असतं. फक्त वावर नसतं, कर्ज नसतं आणि रात्रीचं ओलित, म्हणजे पिकाला पाणी देणं, नसतं.

मोबाइलवर आयुर्वेदाच्या नावानं जे फिरतं त्यातही हा माणूस सापडत नाही. तिथे सगळा कारभार 'काय खावं' यावर संपतो. दुधात हळद घ्या, कोमट पाण्यात मध घ्या, अमक्या बिया रात्री भिजवा. (मध गरम करू नये असं आयुर्वेद बजावून सांगतो, हे त्या कोमट पाणीवाल्यांच्या गावीही नसतं.) मी आयुर्वेदाचा जुना ग्रंथ, चरकसंहिता, उघडला तो अशाच एका संदेशाची खातरजमा करायला, आणि त्यातल्या विमानस्थान नावाच्या भागाच्या पहिल्या अध्यायात अडकले. तिथे अन्नाचा विचार करताना आठ गोष्टी बघायला सांगितल्या आहेत. त्यातली पहिली, प्रकृती, तेवढी पदार्थाच्या अंगच्या गुणाची: मूग हलका, उडीद जड. पुढच्या सगळ्या वेगळ्याच आहेत. पदार्थावर काय संस्कार केला, कशाबरोबर मिसळला, किती घेतला, कोणत्या मुलखात, कोणत्या वेळी, कोणत्या रीतीनं, आणि शेवटची म्हणजे खाणारा कोण आहे. संस्काराला ग्रंथाच्या भाष्यकारांनी दह्याचं उदाहरण दिलंय. दही सूज आणतं आणि तेच दही लोणी न काढता नुसतं घुसळलं तरी सूज उतरवतं. रवी फिरली एवढाच फरक. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, रात्री कुणाच्या ताटात दही पडू देत नाहीत आणि दुपारी ताकाशिवाय कुणाला उठू देत नाहीत. कारण विचारलं तर "रातचं दही बाधते" एवढंच. चरकानंही रात्री दही नको असंच म्हटलंय.

'खाणारा कोण' हा आठवा मुद्दा मला पुस्तकात भेटायच्या आधी पोटात भेटला होता. माझं माहेर गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधच्या बाजूला. धानाचा मुलूख. सकाळी भात, रात्री भात, मधल्या वेळी पोहे म्हणजे पुन्हा भातच. बरोबर लाखोळीची डाळ, तलावातली मासोळी, बांधावरच्या पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा. लग्न होऊन आले आर्वी तालुक्यात, ज्वारी-कापसाच्या काळ्या मातीत. बाहेरच्यांना विदर्भ एकच वाटतो, पण त्याला पोटं दोन आहेत: वैनगंगेकाठचं भाताचं आणि वर्धेकाठचं ज्वारीचं. पाहुणी म्हणून भाकर खाल्ली होती तेव्हा गोड लागली होती. रोजची झाली तेव्हा दुपारभर पोटात दगड घातल्यासारखं व्हायचं. नवी सून, बोलायची चोरी. दोन घास खाऊन भूक नाही म्हणायची आणि चुलीमागे बसून फोडणीचे पोहे खायची.

आत्याबाईंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात चतकोर भाकर आणि बाकी भात. भाताचा छोटा गंज फक्त माझ्यासाठी चढायचा आणि घरात कुणी त्यावर चकार शब्द काढायचा नाही. पुढे अर्धी भाकर झाली. पावसाळ्यात परत चतकोरावर आली. दिवाळीपर्यंत मी सगळ्यांबरोबर पुरी भाकर खात होते आणि उरलेल्या भाकरीच्या कुटक्याला फोडणी देऊन सकाळी चवीनं संपवत होते. "पोट एकदम नाई वळत वं, बैलावानी हळूच वळवा लागते," असं त्यांचं म्हणणं. चरकाच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात नेमकी ही रीत आहे. अंगवळणी पडलेलं सोडताना आणि नवं धरताना चौथ्या हिश्श्यानं पुढे जावं. एकदम सोडलं तर चांगल्यासाठी केलेला बदलही बाधतो. एका रात्रीत गहू बंद, साखर बंद, तेल बंद करणारे आमचे शाळेतले सहकारी दर जानेवारीत का आजारी पडतात, ते मला तेव्हा कळलं.

मुलूख आणि काळ हे दोन मुद्दे तर इथे शिकवावेच लागत नाहीत. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की भूक आपोआप अर्धी होते. घराघरांत आंबील लागते. ज्वारीचं पीठ रात्री ताकात आंबवायचं, सकाळी पातळ शिजवायचं, लसूण-जिऱ्याची फोडणी आणि वरून ताक. नाहीतर ज्वारीच्या कण्या. उन्हाळ्यात अन्न हलकं, थंड, पातळ असावं, तिखट-आंबट-खारट टाळावं, असं वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात आहे. पहिला अर्धा भाग वऱ्हाड पाळतं. तिखटाच्या बाबतीत मात्र आम्ही कुठल्याच ग्रंथाचं ऐकत नाही. पावसाळ्यात अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद होतो, म्हणून तेव्हा जपून खायचं. आषाढातली कांदेनवमी त्याच हिशेबातली. कांद्याची भजी, वांग्याचं भरीत, सगळं एका दिवसात उरकायचं आणि चार महिने कांदा-वांग्याला रामराम.

आणि हिवाळा. हेमंतात अग्नी इतका जोरात असतो की त्याला पुरेसं जळण दिलं नाही तर तो अंगातला रसच जाळतो, असं चरक म्हणतो. जड, स्निग्ध खायचा काळ. आमच्याकडे तो रोडग्यांचा काळ आहे.

रोडगे वावरातच करायचे, घरी करून त्यांना चव नाही. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक, तेलाचं मोहन, ओवा, मीठ. आधी सुपारीएवढी गोळी करायची. तिच्यावर तेलाचा हात फिरवून एक पुरी गुंडाळायची, पुन्हा तेल, पुन्हा पुरी. चार-पाच पदर झाले की मुठीत मावेल न मावेल एवढा गोळा होतो. तिकडे गोवऱ्या पेटवून ठेवलेल्या असतात. धूर पूर्ण गेला पाहिजे, जाळ बसला पाहिजे, वर राखेची पांढरी साय आली पाहिजे, तेव्हा गोळे त्यात पुरायचे. इथे जो घाई करतो त्याचा रोडगा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा. मधूनमधून काठीनं फिरवत राहायचं. भाजला की बाहेर काढून गोणपाटावर राख झटकायची आणि हातावर दाबायचा. पदर सुटतात, वाफ येते, त्या वाफेवरच तूप. बाजूला मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत असते, तिच्यावर बोटभर तर्री.

सकाळी आठला गोवऱ्या रचायला सुरुवात केली तरी पंगत बसायला दुपारचे दोन-अडीच होतात. तोवर कुणी वांगी चिरतं, कुणी विहिरीचं पाणी ओढतं, कुणी पळसाची पानं टाचतं. चहा एकदाच होतो. बिस्किटाचा पुडा उघडला तर म्हातारी माणसं डोळे वटारतात. पंगत बसते तेव्हा प्रत्येकाला खरी भूक लागलेली असते आणि वाढण सुरू झालं की पाच मिनिटं आवाज येतो तो फक्त पत्रावळींचा. चरक सांगतो ते सगळं तिथे आपसूक जमतं: गरम, स्निग्ध, आधीचं जिरल्यावर, आवडत्या जागी, फार भरभर नाही, फार रेंगाळत नाही, आणि मन त्या अन्नात ठेवून. बोलू नये, हसू नये असंही त्यानं म्हटलंय. तेवढं पंगतीला जमत नाही. भाजीचा पहिला भर ओसरला की कुणीतरी गेल्या साली अमक्यानं किती रोडगे रिचवले ते काढतंच. मला त्यात काही वाईट दिसत नाही. पण हे बोलणं दुसऱ्या वाढणानंतरचं असतं, हेही तितकंच खरं. भरल्याचा निरोप पोटाकडून मेंदूकडे जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, असं मी वर्गात शिकवते. पंगतीत दोन वाढणांच्या मधे तेवढा वेळ निघतो. घरी उभ्याउभ्या जेवणाऱ्याला तो निरोप पोचेपर्यंत ताट धुऊन पालथं पडलेलं असतं.

अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पिले आहेत: दोन घन अन्नाला, एक पातळाला, एक रिकामा, वायूला फिरायला. रोडग्याच्या दिवशी हा हिशेब सपशेल चुकतो. तरी त्या रात्री गॅसची पुडी आणायला मेडिकलवर गेलेला माणूस मला आठवत नाही. रात्री जेवायचंच नसतं, हा त्यातला कळीचा मुद्दा. "आज सुट्टी," म्हणत आत्याबाई चूल सारवून टाकतात.

आयुर्वेदातला खाण्याचा एकच नियम निवडायला सांगितला तर मी हा निवडेन: आधीचं जिरल्यावरच पुढचं खावं. जिरलं हे ओळखायच्या खुणाही दिलेल्या आहेत. ढेकर शुद्ध येतो, अंग हलकं वाटतं, हुरूप असतो, वेळच्या वेळी पोट साफ होतं, भूक-तहान लागते. आत्याबाईंचा सगळा भर पहिल्या खुणेवर. घरात कुणीही, अगदी आलेल्या जावयानंही, स्वयंपाकघराकडे नजर टाकली की त्यांचा प्रश्न येतो, "ढेकर कसा आला? कोरडा का आंबट?" आंबट म्हटलं की, "मंग काई खाऊ नोको. ताक घे सैंधव टाकून अन् जरा वावराकडून चक्कर मारून ये." जावई पहिल्यांदा लाजतो, मग सवय होते.

आधीच्या अन्नावर अन्न घालण्याला शास्त्रात अध्यशन म्हणतात. आता गावातला साधा दिवस बघा. सहाला चहा-टोस्ट. आठला शेजारी गेलात तर चहा, कारण चहाला नाही म्हणणं म्हणजे त्या घरालाच नाही म्हणणं. दहाला जेवण. बाराला तालुक्याच्या स्टँडवर आलुबोंडा, कारण एसटी उशिरा. चारला पुन्हा चहा, सोबत फरसाण. सहाला कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस. रात्री नवाला जेवण. यातला एकही पदार्थ विष नाही, आणि पोटाला मात्र दिवसभरात एकदाही रिकामं झाल्याचं कळत नाही. भूक लागून जेवणारे लोक आमच्या गावात आता दोनच उरलेत: शाळेतली पोरं आणि मजूर.

मजुरांचंही अर्धंच खरं, कारण मधे खर्रा आला. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून हातावर घासायचा आणि गालात धरायचा. विदर्भाबाहेरच्या वाचकाला हे किती सर्रास आहे ते सांगून पटणार नाही. सकाळी न्याहारीऐवजी खर्रा, कारण त्यानं भूक मरते. दुपारी जेवणावर खर्रा, कारण म्हणे त्यानं पचतं. निकोटिन भूक दाबतं हे खरं. पचवतं हे खोटं. क्षाराचा अतिरेक करू नका असं चरकानं ज्या अध्यायात बजावलंय तो हाच, आठ मुद्द्यांचा. चुना हा क्षारच. काही वर्षांनी तोंडाची कातडी आतून आवळते, ठेचा झोंबायला लागतो, मग साधं वरण झोंबतं, मग तोंडात दोन बोटंही जात नाहीत. अशा माणसाला सावकाश चावून खा म्हणणं ही थट्टा आहे. इथे आयुर्वेदाचा काढा शोधत बसू नये, तोंडाच्या डॉक्टरकडे जावं. तसंच शौच काळं होत असेल, वजन उगाच उतरत असेल, घास गिळताना अडकत असेल, तर ताक-सैंधवावर दिवस काढू नयेत, सरळ दवाखाना गाठावा.

आता वेचणीच्या दिवसांकडे येते.

कापूस वेचायला बाया सकाळी आठच्या सुमारास निघतात. त्याआधी घरातलं सगळं आवरलेलं असतं, म्हणजे दिवस चारलाच उगवलेला असतो. फडक्यात दोन भाकरी, चून किंवा जवसाची चटणी, कांदा. बाटलीभर पाणी, तेही पुरवून पुरवून प्यायचं, कारण पऱ्हाटीच्या वावरात आडोसा नसतो आणि बांधावरून गडीमाणसांची ये-जा असते. लघवी लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही. मजुरी किलोवर, म्हणून जेवायला फार वेळ बसायचं नाही. उकिडवं बसून, पाठीची ओटी न सोडता, दहा मिनिटांत भाकर आत. संध्याकाळी काट्यावर माप होईपर्यंत उभं राहायचं आणि घरी आल्यावर पुन्हा चूल.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला तोच सातवा अध्याय सुरू होतो तो वेग अडवू नयेत इथून. शरीराच्या स्वाभाविक हाका एकूण १३ सांगितल्या आहेत. लघवी, शौच, वात, शिंक, ढेकर, जांभई वगैरे तर आहेतच; पण त्या यादीत भूक आहे, तहान आहे, झोप आहे, श्रमानं लागलेला दम आहे आणि डोळ्यांतलं पाणीही आहे. यातला एकेक अडवला तर काय काय बिघडतं ते पुढे सांगितलंय, आणि त्यात पोट वारंवार येतं. मी ती यादी वाचत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या वाडीतल्या बाया होत्या. तेरातले किती वेग त्या वेचणीच्या एका दिवसात दाबतात याचा हिशेब मनात सुरू झाला आणि मी पुस्तक मिटलं. दुकानदार म्हणतो तो दिवाळीनंतरचा गॅसेसचा हंगाम हा आहे. त्यात भाकरीचा काय दोष?

घरातही फार वेगळं नाही. गरम जेवा, हे जगातल्या सगळ्या बायकांना नियम म्हणून माहीत असतं, ताटात म्हणून क्वचित. सगळ्यांची जेवणं झाल्यावर, उरलेल्या भाजीत, एक कान बाहेरच्या हाकेकडे ठेवून जेवणं हा आमच्या पिढीपर्यंतचा रिवाज. मी एकदा आत्याबाईंना वाचून दाखवलं, की फार भरभर जेवू नये, फार सावकाशही नको, मन जेवणात ठेवावं, आपल्याला काय मानवतं ते नीट पाहून जेवावं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् त्याच्या घरी दळण कोण दळे?"

मला उत्तर देता आलं नाही. पण त्या आठवड्यात मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, ताटाबरोबर त्यांचं ताटही मी वाढलं. त्या आधी "हे काय नवीनच" म्हणाल्या, मग बसल्या. मामाजींना पोळी हवी झाली तेव्हा दोघांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मीही ताट घेऊन बसले होते. मामाजी उठले, डब्यातली पोळी घेतली, पुन्हा बसले. कुणाचं काही बिघडलं नाही. आता हे रोजचं झालंय असं म्हणणार नाही. सणावाराला, पाहुण्यारावळ्यात जुनंच चालतं. चौथ्या हिश्श्यानं चाललंय.

आमच्या घरातलं खरं दुखणं मात्र ह्यांचं होतं. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत मोटारीची लाइन कधी दिवसाची असते, कधी रात्रीची, पाळी ठरलेली. रात्रीची पाळी आली की नऊ-दहाला निघायचं, टॉर्च, काठी, गमबूट. थंडीत पायाखाली चिखल, बांधात रानडुकरांची भीती, सापाची भीती, मधेच फ्यूज गेला तर विजेच्या डीपीपर्यंत पायपीट. डोक्यात सोयाबीनचा पडलेला भाव आणि मार्चअखेरचा हप्ता. तीन-चारला परत येऊन झाकून ठेवलेली गार भाकर खायची आणि आडवं व्हायचं. सकाळी छातीत आग, तोंड कडू, दिवसभर चिडचिड. पथ्याचंच खात होते, मोजकंच खात होते.

विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात एक श्लोक आहे. पथ्याचं अन्न, तेही योग्य मात्रेत घेतलेलं, जिरत नाही. कशानं, तर चिंता, शोक, भय, क्रोध, धड नसलेलं अंथरूण आणि जागरण. मी तो ह्यांना वाचून दाखवला तर म्हणाले, "याले आपल्या वावरात कोणं नेलं होतं?" आधुनिक विज्ञानाला हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं ते १८२२ नंतर. अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीची गोळी लागली. तो जगला, पण जठराला पडलेलं भोक बुजलं नाही. विल्यम ब्यूमाँट हा लष्करी डॉक्टर त्या भोकातून वर्षानुवर्षं पचन बघत राहिला. रागाचा आणि भीतीचा जठरावर परिणाम होतो, हे त्यानं टिपलं आणि १८३३ मध्ये आपली निरीक्षणं छापली. सातवीची पोरं ही गोष्ट तोंडाचा आ करून ऐकतात. दुपारची खिचडी पाच मिनिटांत संपवून मैदानात पळणाऱ्या पोरांना मी दुसऱ्या कशानं इतका वेळ बसवू शकलेले नाही.

चिंता, शोक, भय यांवर माझ्याकडे औषध नाही. सोयाबीनचा भाव स्वयंपाकघरात ठरत नाही. जागरणाबद्दल मात्र अष्टांगहृदयात एक सोय सापडली. सवय नसताना रात्री जागावं लागलं, तर जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपावं, आणि न जेवता झोपावं. दिवसा झोपू नये, असं इतर ठिकाणी ठणकावणारं शास्त्र जागलेल्या माणसाला एवढी सूट देतं.

मग आम्ही रात्रीच्या पाळीचे दिवस बदलून पाहिले. जेवण संध्याकाळी साडेसहाला, गरम, सगळ्यांबरोबर. त्यासाठी मी शाळेतून आल्याआल्या चुलीशी आणि हे भाजी चिरायला. नऊला निघताना थर्मासमध्ये आलं-गूळ घातलेलं गरम पाणी. पहाटे परत आल्यावर पाय शेकायचे, घोटभर कोमट पाणी, आणि अंथरूण. उठल्यावर भूक लागेल तेव्हा ताजी भाकर. छातीतली आग त्या हंगामात पुष्कळ उतरली. सकाळची खाली पोटी घ्यायची गोळी डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी केली. चमत्कार काही झाला नाही. भाव पडला त्या दिवशी ढेकर आंबटच होता.

याला विरोध कुणाचा असावा, तर आत्याबाईंचा. गावभर ढेकराची चौकशी करणारी बाई, पण रात्रभर ओलित करून आलेला लेक न जेवता झोपतो, हे त्यांच्यानं बघवत नाही. मी ग्रंथ दाखवला. त्या म्हणाल्या, "थंडीत कुडकुडून आलेल्याले उपाशी झोपव, असं सांगणारा वैद्य नसीन, सावकार असीन." हे दाराबाहेर गमबूट काढत असतात, त्या आत झाकलेलं ताट घेऊन उभ्या असतात आणि मी मधे. कधी त्यांचं चालतं, कधी माझं. सकाळी उठल्यावर मात्र ह्यांना पहिला प्रश्न त्याच विचारतात, आणि उत्तर आंबट आलं की माझ्याकडे न बघता ताकाचं भांडं पुढे सरकवतात.